थांबणाऱ्या गटातले आप्पासाहेब

जेवढ्यावर कोणाचा वाद नाही तेवढं

भाद्रपदात पावसानं ताण दिला होता आणि त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती. कोल्हारचे आप्पासाहेब सकाळी आपल्या उसाला पाणी देत होते. वाकून, फावड्यानं एका सरीचं दार मोडून दुसरीचं लावत होते. वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, शेळी नाहीतर वासरू वाटतो, असं वनखात्याचे लोक नंतर म्हणाले. आप्पासाहेबांचं वय साठीच्या आसपास, अंगात बंडी, डोक्याला टॉवेल. तरी बिबट्याला ते वासरू वाटले. तो उसातून आला आणि पाठीवर बसला.

बायको बनुबाई चहाची किटली घेऊन बांधावरून येत होती. तिनं पाहिलं आणि किटली फेकून मारली. चहा गेला, बिबट्याही गेला.

मानेला आणि खांद्याला टाके पडले. इंजेक्शनं झाली. वनखात्यानं उसाच्या कडेला पिंजरा लावला, त्यात चुलतभाऊ काकासाहेबाचं कुत्रं सापडलं. टाके निघाले. जखम भरली.

आप्पासाहेबांचं शेतात जाणं बंद झालं, तेवढं सोडून सगळं पूर्ववत झालं.

बंद म्हणजे कसं

घरापासून शेतापर्यंतच्या वाटेवर कालव्याच्या चारीचा छोटा पूल लागतो. पुलापर्यंत ते रोज जायचे. पुलापलीकडे ऊस सुरू होतो, आणि वारा असो नसो, उसाच्या वाळक्या पाचटाचा खसखसाट सुरूच असतो. तिथं आप्पासाहेब उभे राहायचे, खिसे चाचपायचे आणि तंबाखूची पुडी घरी राहिली म्हणत माघारी फिरायचे. कोल्हारात एवढी तंबाखू विसरणारा दुसरा माणूस नव्हता. आणि ते तंबाखू खात नव्हते.

पाचट शेतात होतं, पण त्याचा आवाज घरातही यायचा. नात कुरकुरे फोडायची, आप्पासाहेब उठून उभे राहायचे. वाणसामानाची पिशवी कोणी चुरगाळली की यांचा हात मानेवर. बनुबाईनं घरातल्या सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्या शेजारी नेऊन दिल्या. याबद्दल ती कोणाशी बोलली नाही, त्यांच्याशीसुद्धा.

मुलगा कल्याण याचं रस्त्यावर पाइप आणि मोटारींचं दुकान. त्याला शेतात उभं राहायला वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर आवडही नाही. त्यानं एकदा जेवताना, ताटाकडे बघत, सांगून टाकलं.

"आप्पा, तोडणीला कोणीतरी मालक म्हणून उभं ऱ्हायला लागतं. न्हाईतर ऊस खाली लावून तोडत न्हाईत, खोडवा फुटत न्हाई नीट. तुमी उभं ऱ्हाणार असाल तर ठीक. न्हाईतर काका उभा ऱ्हाईल. आन मग खोडवा बी त्यालाच देतो वाट्यानं."

म्हणजे ऊस तुटला की त्याच बुडख्यांतून जे पुढचं पीक फुटेल, ते काकासाहेबाच्या हाताखाली जाणार. आणि कोल्हारातल्या कोणालाही विचारा, वाट्यानं दिलेलं रान परत हातात येतं ते फक्त सातबाऱ्यावर.

आप्पासाहेब म्हणाले, "उभा ऱ्हातो."

"पुलापलीकडं?" कल्याण म्हणाला.

बनुबाईनं त्याच्या ताटात न मागता भाकरी वाढली. गप्प बस, याची त्या घरातली ती रीत होती.

मोनिकाताई

नवरात्रात घरी एक मुलगी आली. मोनिका साळवे, श्रीरामपूरची, पुण्याच्या कुठल्याशा सरांच्या हाताखाली मानसशास्त्रात पीएचडी करणारी. विषय असा: बिबट्याच्या हल्ल्यातून वाचलेली माणसं, त्यांच्या मनावर राहिलेला आघात आणि ती माणसं आपल्या भावना कशा आवरतात. प्रवरेच्या काठानं तिला अशी माणसं पुष्कळ मिळाली होती. आप्पासाहेब तिला राहुरीहून येताना एका टपरीवाल्यानं सुचवले.

तिनं टॅब काढला आणि प्रश्न वाचायला सुरुवात केली. उत्तरं पाचच होती. अजिबात नाही, थोडंसं, मध्यम, बरंच, प्रचंड.

"काका, त्या प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या गोष्टी तुम्ही टाळता का?"

"ऊस टाळतो."

"किती प्रमाणात?"

"ताई, हितं ऊस टाळायचा म्हंजे जिल्हा सोडावा लागंल. पाथर्डीकडं जाऊन ऱ्हावं लागंल."

"बरंच लिहू?"

"मध्यम लिवा. गेलो न्हाई ना अजून पाथर्डीला."

"तुम्ही भावना मनातच ठेवता का?"

आप्पासाहेबांनी विचार केला. "मग कुठं ठेवत्यात?"

मोनिकानं ते टॅबमध्ये कुठं घातलं ते कळलं नाही, पण तिनं काहीतरी दाबलं. मुलगी चांगली होती. चहात साखर जास्त झाली होती, तरी पूर्ण प्याली. शेवटी तिनं समजावून सांगितलं की अभ्यासात दोन गट आहेत, कोण कोणत्या गटात हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि कॉम्प्युटरनं आप्पासाहेबांना थांबणाऱ्या गटात टाकलं आहे.

"कॉम्प्युटरची आन माझी काय वळख न्हाई," आप्पासाहेब म्हणाले.

"म्हणूनच टाकतो तो. ओळख असली तर घोळ होतो."

हे त्यांना पटलं. सोसायटीच्या निवडणुकीत त्यांनी ओळखीचा घोळ पाहिला होता.

"दुसरा गट काय करतोय?"

"ते दर आठवड्याला माझ्यासमोर बसतात. डोळे मिटून तो प्रसंग सांगतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आत्ता घडतोय तसा."

"आन मग?"

"मग परत सांगतात."

"आन औषध?"

"हेच औषध, काका. सांगणं."

"आन मला?"

"तुम्हाला नंतर. तुमची पाळी आली की. तोपर्यंत फक्त एक करायचं, दुसरा कुठलाही उपचार घ्यायचा नाही. नाहीतर दोन गटांची तुलना करता येत नाही. चालेल ना?"

तिची एसटी निघायला आली होती. ती बॅग भरता भरताच बोलत होती.

"चालंल," आप्पासाहेब म्हणाले. "शब्द दिला."

शब्द

आप्पासाहेबांच्या शब्दाबद्दल एवढं सांगितलं की पुरे. त्यांचा मेहुणा एकदा लग्नाला येताना फोनवर म्हणाला होता, दाजी, मी आल्याशिवाय जेवू नका. मेहुण्याची जीप घारगावला बंद पडली. आप्पासाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी जेवले. मेहुणा तोवर विसरून रस्त्यात मिसळ खाऊन आला होता.

तर आता हिशेब असा झाला. सांगणं हे औषध आहे. दुसरीकडून औषध घ्यायचं नाही असा शब्द दिला आहे. म्हणून सांगायचं नाही. कोणालाच नाही. मोनिका हे असं म्हणाली नव्हती. पण ती जे म्हणाली त्यातून दुसरं काय निघतं, ते कोणीतरी दाखवून द्यावं.

तोपर्यंतही त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मानेला टाके होते तोवर डॉक्टरच बोलू नका म्हणाले होते. टाके निघाले आणि कॉम्प्युटर आला.

आप्पासाहेबांचं सांगणं (पहिली आवृत्ती)

.

भेटायला येणारे

आता अडचण पाहुण्यांची. माणूस पडला, झडला, दवाखान्यातून आला, की त्याला भेटायला जायचं असतं. बिस्किटाचा पुडा न्यायचा, ओसरीवर बसायचं, पाणी प्यायचं आणि विचारायचं, "कसं काय झालं वो?" मग त्या माणसानं मुळापासून सांगायचं. ऐकणाऱ्यानं आधी चार ठिकाणी ऐकलेलं असलं तरी सांगायचं, आणि त्यानं मध्येच "आरारारा" म्हणायचं. हे झालं म्हणजे भेट झाली. नाही सांगितलं तर पाहुणा उठतो तो अपमान घेऊन उठतो. पुढं त्याच्या घरच्या कार्याला गेलं तरी तो पत्रावळीवर भात कमी वाढायला लावतो.

पहिल्या धडाक्यात जे आले त्यांना टाके दाखवून भागलं. पण जे सोयाबीन काढायला गुंतले होते ते सोयाबीन निघाल्यावर आले. कांदा लावायचा होता ते कांदा लावून आले.

"कसं काय झालं वो, आप्पा?"

आप्पासाहेब हात जोडायचे. "मला सांगायची परवानगी न्हाई."

"कुणाची?"

"पुण्याच्या सरांची."

पाहुणे एकमेकांकडे बघायचे. पोलीस केस आहे, असं काहींना वाटलं. बिबट्यानं काही वेगळंच केलं असावं, असंही काहींना वाटलं, आणि ते आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली करून बोलायचे. बेलापूरच्या व्याह्यांनी आणलेला बिस्किटाचा पुडा तिथंच फोडला, त्या खसखसाटानं आप्पासाहेब उभे राहिले, आणि यजमान उभा राहिला म्हणजे आता निघायचं, असं समजून व्याही चहा न पिता गेले. वर्षानुवर्षांची सोयरीक कागदाच्या आवाजानं उसवली.

मग हे काम काकासाहेबानं अंगावर घेतलं. तो ओसरीवरच असायचा. पाहुण्याला तहानलेलं पाठवणं बरं नव्हे, असं त्याचं म्हणणं.

काकासाहेबाचं सांगणं, सुधारत गेलेलं

दसऱ्याच्या सुमाराला:

"मी पलीकडच्या बांधावर. कायतरी धडपड आयकू आली म्हणून आलो पळत, तर ह्ये असं पडल्यालं."

दिवाळीच्या सुमाराला:

"आप्पा असा वरडला, असा वरडला! मी फावडं घिऊन त्याच्या अंगावर. बिबट्यानं माझ्या डोळ्यात बघितलं. मी बी बघितलं. मग तो म्हणला, जाऊ द्या, ह्यो माणूस काय आयकत न्हाई."

"म्हणला?"

"डोळ्यानं म्हणला."

तुळशीच्या लग्नापर्यंत:

"दोन व्हते. मादी लांब उभी."

हल्ल्याच्या त्या सकाळी काकासाहेब कोल्हारच्या स्टँडजवळ खुर्चीत बसून दाढी करून घेत होता. अर्ध्या गावानं त्याला तिथं फेसासकट पाहिलेलं. पण सांगणं रंगत होतं, आणि रंगलेल्या सांगण्यात फेस आणून बसणारा माणूस कोल्हारात तरी निघाला नाही.

आप्पासाहेब शेजारी बसून ऐकायचे. दुरुस्त करणं म्हणजेही सांगणंच. म्हणून ते दुरुस्त करत नसत. आपल्या पाठीवर बसलेला बिबट्या हळूहळू दुसऱ्याच्या मालकीचा होतोय आणि त्याच्या मागोमाग शेतही चाललंय, हे त्यांना दिसत होतं. कल्याण पाहुण्यांत बसून काकाकडे आदरानं बघायला लागला होता. तोडणीला उभा राहायला असाच माणूस पाहिजे, असं त्या बघण्यात होतं.

मधली तपासणी

मोनिका ठरल्याप्रमाणे परत आली आणि तेच प्रश्न विचारले. मध्यमचं बरंच झालं होतं, बरंचचं प्रचंड.

"झोप?"

"प्रचंड न्हाई."

"म्हणजे अजिबात नाही लिहायचं?"

"तसं लिवा."

तिनं बेरीज पाहिली. चेहऱ्यावर आधी आनंद आला. थांबणारा गट बरा व्हायला नको होता, तसाच तिचा अंदाज होता आणि तो खरा ठरत होता. मग आनंद आल्याची तिला लाज वाटली आणि तिनं पदर नसताना खांद्यावर पदर सारखा केला.

"काका, थोडं थांबा. तुमची पाळी येईल."

"मार्गशीर्षाच्या आत येईल का?"

"माघात."

तोडणी मार्गशीर्षात होती. आप्पासाहेबांनी मान डोलावली. तिला बस गाठायची होती.

वरडले न्हाईत

पुढच्या रविवारी राजूरकडचे पाहुणे आले, कल्याणच्या सासरचे. डोंगरातली माणसं, बिबट्या त्यांना नवा नाही, त्यामुळं काकासाहेबाला जोर लावावा लागला.

"आप्पा असा वरडला की कोल्हारच्या मोठ्या पुलावर गाड्या थांबल्या! ड्रायव्हर लोक खाली उतरून बघाय लागले, काय झालं म्हणून—"

बनुबाई आतून दारात आली. हाताला पीठ.

"वरडले न्हाईत ह्ये."

"वहिनी, लांबून तुमाला—"

"भाऊजी, तुमी फेसात हुता. मी तिथं हुते." ती काकासाहेबाकडे बघतही नव्हती. "बिबट्या पाठीवर आन माणूस मुका. एक आवाज न्हाई. मी बांधावर, हाकंच्या अंतरावर, किटली घिऊन. एक हाक न्हाई मारली. तीस वर्सं मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेत्यात. तवा का गप ऱ्हायले, येवढं मला कळू द्या. बाकी बिबटे किती बी असू द्या."

सगळे आप्पासाहेबांकडे बघायला लागले. आप्पासाहेबांनी सवयीनं हात जोडले.

"त्या पोरीला दिल्याला शब्द मोठा," बनुबाई म्हणाली. "ठीक हाय."

ती आत गेली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलेना. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पांघरूण टाकायची, पण बोलायची नाही. घरात आता दोन माणसं थांबणाऱ्या गटात होती.

राजूरचे पाहुणे मात्र जाताना म्हणाले, लई दिवसांनी अशी भेट झाली.

शब्द परत करणे

दिलेला शब्द फोनवर परत करता येत नाही. आप्पासाहेब धुतलेलं धोतर नेसून श्रीरामपूरच्या एसटीत बसले. रस्ता दोन्ही बाजूंनी उसातून जातो. खिडकीची जागा मोकळी होती, ते दांड्याला धरून उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, बाबा, बसा की. ते म्हणाले, बरं हाय. बाभळेश्वरपर्यंत त्यांची बंडी घामानं भिजली, पण ते उतरले नाहीत.

मोनिकाचं घर चर्चच्या मागल्या गल्लीत होतं. तिच्या आईनं पाणी दिलं. मोनिका केस धुऊन बाहेर आली आणि दचकली.

"काका? काय झालं?"

"काय न्हाई. शब्द माघारी द्यायला आलो."

"कसला शब्द?"

त्यांनी सगळा हिशेब मांडला. ऐकता ऐकता मोनिका खाली बसली.

"काका, बोलू नका असं मी कधीच म्हटलं नाही."

"सांगणं हेच औषध, असं तुमीच म्हणला."

"हो."

"दुसरीकडून औषध घ्यायचं न्हाई म्हणला."

"हो."

"मग?"

मोनिकाची आई दारात उभी होती, ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." मग मोनिकानं पुण्याला सरांना फोन लावला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलली, परत आली तेव्हा नाक लाल होतं.

"तुम्हाला अभ्यासातून काढावं लागेल, काका. तुमची उत्तरं आता धरता येणार नाहीत. माझीच चूक आहे. मी नीट सांगायला हवं होतं." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "पण आता तुम्ही मोकळे आहात. आत्ताच सुरू करू. बसा इथं. डोळे मिटा आणि पहिल्यापासून सांगा."

आप्पासाहेब उठले.

"तुमाला न्हाई. आधी घरी. रांग हाय."

आप्पासाहेबांचं सांगणं (दुसरी आवृत्ती)

बनुबाई परसात गवार मोडत बसली होती. ते समोर पाटावर बसले.

"सांगतो," ते म्हणाले.

ती मोडत राहिली. पण हात सावकाश झाला.

"मी वाकलो हुतो. पाठीवर वजन आलं. मला वाटलं, कल्याण हाय, चेष्टा करतोय. मग मानंला वल्लं लागलं. मग वास आला. मग मला कळलं." मानेवर हात गेला होता, तो त्यांनी खाली घेतला. "मी खालून बघितलं तर तुझे पाय दिसले बांधावर. चपला दिसल्या. मला वाटलं, आता वरडलो तर ही पळत येणार. म्हणून तोंड मिटलं. दात दाबून धरलं. तू माघारी फिरावं म्हणून."

बनुबाईनं गवारीची शेंग ताटात ठेवली.

"म्हंजे मी पळत येईन म्हणून वरडला न्हाईत?"

"व्हय."

"मला काय येड लागलंय, बिबट्याकडं पळायला?"

आप्पासाहेब तिच्याकडे बघत राहिले.

"वरडला असता तर मी उलटी पळाले असते. पार काकासाहेबाच्या खुर्चीपोत्तर गेले असते. आवाज न्हाई म्हणून तर तशीच म्होरं आले मी! दोन पावलांवर आले तवा दिसला मेला."

"मग किटली का मारली?"

"आलेच हुते तिथवर, तर काय करू? चहा पाजू त्याला?"

मग बनुबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते गवारीच्या हातानंच पुसलं, म्हणून आणखी आलं.

"परत सांगा," ती म्हणाली.

त्यांनी परत सांगितलं. तिनं दुरुस्त्या केल्या. बिबट्याची शेपूट डावीकडं होती, उजवीकडं नाही. चहा गुळाचा होता. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा शेपूट डावीकडं घेतली.

"पुढच्या टायमाला वरडायचं," बनुबाई म्हणाली.

"वरडतो."

त्या रात्री ते झोपले असं नाही. पण जागं राहण्यात सोबत होती.

तोडणी

पाथर्डीकडची टोळी आली. बैलगाड्या नाहीत, ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या. मुकादम सहादेव, उंच, पातळ, बोलायला गोड. सकाळी नारळ फोडायला सगळे उसाच्या तोंडाशी जमले. काकासाहेब नवीन टोपी घालून आला होता. कल्याण दुकान उघडायचं सोडून आला होता, बघायला, की कोण उभं राहतं.

आप्पासाहेब चारीच्या पुलापर्यंत आले. थांबले. खिसे चाचपले. खिशात काही नव्हतं. मग पुढं आले. हे सांगायला एवढंच लागतं, चालायला किती लागलं ते त्यांनाच माहीत.

नारळ फुटला. सहादेवनं मालकाच्या हातात कोयता दिला. पहिला ऊस मालकानं तोडायचा असतो. आप्पासाहेब सरीत उतरले आणि वाकले.

समोर पाचट हललं.

घूस असेल. मुंगूस असेल. वारा असेल. ते कधीच कळलं नाही, कारण त्या क्षणी आप्पासाहेब ओरडले.

याचं वर्णन करायचं तर काकासाहेबाच्या सगळ्या आवृत्त्या कमी पडतील. मोठ्या पुलावर गाड्या थांबल्या की नाही माहीत नाही. पण टोळी पळाली. बाया लेकरांना काखोटीला मारून चारीकडं पळाल्या, गडी ट्रॉलीवर चढले. कल्याण मोटारसायकलला किल्ली लावत होता आणि किल्ली उलटी लागत होती. काकासाहेब ट्रॅक्टरच्या बॉनेटवर होता. तिथं तो कसा पोचला हे त्याच्या पुढच्या कुठल्याच सांगण्यात आलं नाही.

उसाच्या तोंडाशी आप्पासाहेब एकटे उभे राहिले. याला धैर्य म्हणू नये. पाय हलत नव्हते. ओरडणंही थांबत नव्हतं. श्वास संपला की थांबायचं आणि श्वास आला की परत सुरू व्हायचं. मग आपोआप थांबलं.

सहादेव ट्रॉलीमागून हळूहळू आला.

"मालक, कुठं हाय?"

"काय?"

"बिबट्या."

"न्हाई."

"मंग कामून वरडले?"

आप्पासाहेबांनी कपाळ पुसलं. "ऱ्हायलं हुतं," ते म्हणाले.

सहादेवनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग उसाकडे. मग माघारी जाऊन टोळीत बसून बोलला. बराच वेळ चर्चा झाली. बायांचं म्हणणं असं पडलं की मालकाला वास येतो. एकदा अंगावर बसलेल्या जनावराचा वास माणसाच्या नाकातून जात नाही. आपल्याला दिसलं नाही पण मालकाला कळलं, आणि एवढा आवाज झाल्यावर जे काय होतं ते गेलं. असा मालक बांधावर असेल तर कोयता लावायचा, नसेल तर गाडी फिरवायची.

"मी उभा ऱ्हातो की," काकासाहेब बॉनेटवरून म्हणाला.

"तुमी न्हाई," सहादेव म्हणाला. "ते."

कल्याणनं किल्ली खिशात घातली. वडिलांकडे बघितलं, चुलत्याकडे बघितलं, आणि दुकान उघडायला उशीर होतोय म्हणून निघून गेला. खोडव्याचा विषय त्या घरात परत निघाला नाही.

नंतर

तोडणी चालू असतानाच मोनिकाचा फोन आला. अभ्यासातून काढलेल्या माणसाला असे प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता, तरी तिनं विचारले.

"शेतात जाता का, काका?"

"जातो."

"भीती?"

"प्रचंड."

"म्हणजे कमी नाही झाली?"

"न्हाई. पर आता तिला यायला-जायला वाट हाय."

ती लिहीत होती की काय, कळलं नाही. लिहायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब ओसरीवर पायताण घालून बसून राहिले होते. ऊन वर आलं होतं. आज जाऊ नये असं त्यांना फार वाटत होतं. बनुबाईनं दोनदा बघितलं आणि काही म्हटलं नाही.

फाटकाशी टोळीतली चार-पाच माणसं आली. पुढं सहादेव.

"मालक, चला की. तुमी आल्याबगर बाया सरीत उतरंनात. भ्या वाटतंय म्हणत्यात."

आप्पासाहेबांना त्यांच्यापेक्षा जास्त वाटत होतं. पण तसं कोणी विचारलं नव्हतं. ते उठले, आणि सगळे त्यांच्या मागून, जरा अंतर ठेवून, चालू लागले.